सदर इसम, हवाई कारवाईत

—नाही नाही, पत्र वाईट नाहीये, चांगुणाबाई. पत्र सरळ आहे. तुम्ही बसा आधी, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, बाकावर बसा. जय भीम, जय भीम — म्हणायचंच राहिलं बघा या पत्राच्या नादात. तर परत एकदा सांगतो, सावकाश. दिल्लीचं ऑफिस असं म्हणतंय की आमच्याकडच्या यादीत सदर सखाराम — म्हणजे आपला सखा — इराकात एका बेकरीत कामाला होता. आणि तुमच्या साक्षीदाराच्या, म्हणजे बाळाजीच्या, निवेदनात मात्र लिहिलंय की माणूस मेला तो लष्करी ठाण्यावर. दोन्हींचा मेळ बसत नाही. सबब निवेदनातला मेलेला माणूस आणि यादीतला सखाराम एकच, असं आम्हांला म्हणता येत नाही. शेरा काय मारलाय — 'पत्ता लागत नाही'. मेला असं नाही, जिवंत असंही नाही. पत्ता लागत नाही. आणि साक्षीदाराचं नवीन निवेदन असेल तर तीस दिवसांत पाठवा, नाहीतर फाइल बंद. पत्राची तारीख सत्तावीस ऑगस्ट. आज वीस सप्टेंबर. सहा दिवस राहिले. पोस्टाचे दोन काढा त्यातून.

कळलं ना? कळलं तुम्हांला, मला माहीत आहे, तुम्ही माझ्याआधीच ओळखलंत, पाकीट हातात देतानाच तुमचा चेहरा तसा होता. मीच उगाच पुन्हा पुन्हा सांगतोय. सवय झालीय. रविवारी सकाळपासून माणसं या बाकावर बसतात, एकाला रेशन कार्ड, एकाला बदलीचा अर्ज — सगळ्यांना दोनदा सांगावं लागतं. तुम्हांला एकदा पुरतं.

दीर काय म्हणतो तुमचा, रघू? तेच म्हणत असणार. 'दादा मेला असेल तर कागद दाखव.' खोली दादाच्या नावावर, दादा येईपर्यंत खोली मी सांभाळतो — हे सांभाळणं म्हणजे काय, तर तुम्ही आणि नीलिमा दोघी मोरीच्या बाजूला पडदा लावून, आणि आतली सगळी जागा त्याच्या बिऱ्हाडाला. पोरगी दहावीत, अभ्यास कुठं करते? विहारात? दिवा असतो ना तिथं? असतो, असतो. आणि गोजरबाई — तुमच्या सासूबाई अजून ताट वाढून ठेवतात म्हणे सखाचं. त्यांना काय बोलणार? आईचं काळीज. पण रघूला कळतं सगळं. सखाबरोबर गेलेला बाळाजी एकटाच परत आला तेव्हा रघूच पहिला धाय मोकलून रडला होता, सगळ्या बुवापाड्यानं ऐकलं. मग खोलीचं लक्षात आलं, आणि रडं थांबलं. दीड वर्ष झालं. भाऊ मेलेला परवडत नाही त्याला आता.

तर प्रश्न काय आहे? प्रश्न एकच — सखा मेला हे सरकारच्या कागदावर आलं पाहिजे. ते आलं की दाखला, दाखला आला की खोली तुमच्या नावावर. आणि ते यायला काय पाहिजे? बाळाजीचं नवीन निवेदन. बाळाजी कुठाय? मस्कतला. शिरगावला त्याच्या घरी जाऊन आलात ना तुम्ही? आईला पत्ता माहीत नाही? एजंटाला माहीत असेल, पण एजंट कल्याणचं ऑफिस बंद करून गेला — बरोबर, असंच असतं. जिवावर बेतलेल्या एका बॉम्बातून वाचलेला माणूस परत त्याच बाजूला जातो. त्याला तरी काय म्हणावं, पोटाला डोळे नसतात.

चहा घ्या. घ्या हो, साखर कमी आहे, हिला डॉक्टरनं बंद केलीय म्हणून मीही कमीच घेतो.

मी काल झोपेपर्यंत विचार केला यावर. डिक्शनरी घेऊन बसलो. तुम्हांला वाटेल, विमानातून बॉम्ब पडला, माणूस मेला, यात डिक्शनरी कशाला? पण इंग्रजीत ते सरळ नाही लिहिता येत, चांगुणाबाई, म्हणजे येतं, पण — आता बघा. 'एअर रेड' लिहावं? आपल्याकडे रेड म्हटलं की उल्हासनगरात शटरं खाली पडतात, ज्या सिंध्याकडून मी टाइपरायटरची रिबन आणतो तो चंदूमल तर शब्द ऐकूनच गल्ला बंद करतो. 'एअर स्ट्राइक'? स्ट्राइक म्हणजे आपल्याला गिरणीचा संप. बरं, दिल्लीचा साहेब काही गिरणीत नव्हता, त्याला कळेल. पण मग कुठला शब्द पत्राला शोभेल? लढाई चालू होती तेव्हा मी रोज इंग्रजी पेपर घ्यायचो, त्या दिवसांत. रोजचे नवे शब्द वहीत उतरवायचो, समोर मराठी अर्थ. विमानानं एकदा जाऊन यायचं त्याला सॉर्टी. बॉम्ब टाकायचे त्याला एअर ऑपरेशन्स. ज्याच्यावर टाकायचे ते टार्गेट, नाहीतर इन्स्टॉलेशन. आणि जी माणसं उगाचच मेली, त्यांना कोलॅटरल डॅमेज. कोलॅटरल शब्द मला आला नाही. डिक्शनरीत पाहिला. बाजूचं. बाजूचं नुकसान. सखा आपला बाजूचा.

छान शब्द वाटायचे हो मला ते. खोटं कशाला बोलू? वाटायचे. स्वच्छ. इस्त्रीचे. असं बघा, मी सातवी शिकलेला माणूस. आमच्या कारखान्यात स्टोअरला लागलो ते पेट्या मोजायला. आणि आमच्या कारखान्यात काय बनतं ते अख्ख्या अंबरनाथला माहीत आहे — पण एकवीस वर्षांत मी एकदासुद्धा कागदावर 'बॉम्ब' किंवा 'गोळी' लिहिलेलं नाही. आयटम. स्टोअर. लॉट नंबर अमुक, आयटम तमुक, इशूड. कुणाला लागणार, कुठं फुटणार, त्याचा रकानाच नसतो फॉर्मात. त्या कागदांवरूनच मी इंग्रजी शिकलो. ते आणि हा टाइपरायटर, चंदूमलच्याच ओळखीनं जुना घेतलेला, याचा 'ई' अजून वर उडतो. तर इंग्रजी म्हणजे माझ्या डोक्यात तसंच — ज्यात कुणी काही करत नाही, सगळं आपोआप होतं.

हां, ते जाऊ द्या. कुठं होतो आपण? निवेदन.

माझी पद्धत तुम्हांला माहीत आहे. समोरचा माणूस मराठीत जे बोलेल, ते मी आधी वहीत जसंच्या तसं घेतो, शब्द न बदलता. खाली त्याची सही, नाहीतर अंगठा. मग इंग्रजी टाइप. दोन कार्बन. कुणी उद्या म्हणायला नको की मी असं बोललोच नव्हतो. मी स्वतः कुठंच सही करत नाही, तेही तुम्हांला माहीत आहे — सरकारी नोकर, खासगी टायपिंग केलेलं चालत नाही, कुणी वर लिहून कळवलं तर चौकशी बसेल, पेन्शनला नऊ वर्षं आहेत. म्हणून सह्या तुमच्या सगळ्यांच्या, माझी नाही. तर एक्क्याण्णवची वही मी काढून ठेवलीय. ही बघा. चौदा एप्रिल. रविवार होता आणि जयंती होती, आठवतं ना? मिरवणूक स्टेशनकडून येत होती, लाऊडस्पीकरमुळे बाळाजी काय बोलतोय ते दोनदा विचारावं लागत होतं. नवीन पांढरा शर्ट होता माझ्या अंगात. तुम्ही इथंच बसला होता, याच बाकावर, आणि बाळाजी त्या हलणाऱ्या खुर्चीवर.

वाचतो. तुम्ही ऐकलेलंच आहे, पण वाचतो. 'दुपारची पीठ मळायची पाळी. सखा भट्टीपाशी होता. मी बाहेर टाकीवर पाणी भरायला. विमान दिसलं नाही. आवाज पण आधी नाही आला. आधी टाकी अंगावर आली, मग आवाज. उठलो तर बेकरी नव्हती. सगळीकडे पीठ उडत होतं, पांढरं, काही दिसेना. सखाची सपात दिसली, अंगठ्याला तांब्याची तार बांधलेली, ती मीच बांधून दिली होती. पाय सपातेत होता. बाकीचा सखा पिठाच्या गोण्यांखाली. मी काढला. मेला होता. तिथल्याच दोघांनी आणि मी मिळून खड्डा केला.' — खाली सही, बाळाजी. आणि शेजारी तुमचा अंगठा, ऐकलं म्हणून.

पाणी आणू? — बरं.

आता तुम्ही म्हणाल, यात तर बेकरीच आहे. मग लष्करी ठाणं आलं कुठून? हो. म्हणजे — तेच बघतोय मी. निवेदनाची कार्बन कॉपी ही. इंग्रजीत असं आहे की, 'द सेड सखाराम एक्स्पायर्ड इन द कोर्स ऑफ एअर ऑपरेशन्स अगेन्स्ट अ मिलिटरी इन्स्टॉलेशन.' म्हणजे लष्करी ठाण्यावरच्या हवाई कारवाईत सदर इसम निधन पावले. आता हे कसं झालं असेल — मिरवणुकीचा आवाज, बाळाजी घाबरलेला, महिना झाला नव्हता त्याला येऊन, अम्मानपर्यंत ट्रकमधून आलेला माणूस, झोप नाही — त्यानं पुढं बोलता बोलता तसं काही सांगितलं असेल. वहीत यायचं राहून गेलं असेल. होऊ शकतं. धक्क्यात माणूस काहीही बोलतो.

तर मी यावर एक मार्ग काढलाय. ऐकून घ्या पूर्ण, मग बोला. बाळाजी नाही, पण तुम्ही आहात. तुम्ही त्या दिवशी समोर होता. तुमच्या नावानं एक छोटं निवेदन टाइप केलंय, हे. एकच पान. की साक्षीदार बाळाजी याची मनःस्थिती त्या वेळी ठीक नव्हती, धक्क्यामुळं त्याच्याकडून ठिकाणाबद्दल चुकीचं सांगितलं गेलं, प्रत्यक्षात जागा बेकरीच होती. बस. या वेळी मी शब्द साधे घेतलेत. एअर ऑपरेशन्स वगैरे काही नाही. 'अ प्लेन केम. इट ड्रॉप्ड अ बॉम्ब ऑन द बेकरी. माय हजबंड वॉज इनसाइड. ही डाइड.' विमान आलं. बेकरीवर बॉम्ब टाकला. नवरा आत होता. मेला. शेंबड्या पोराला कळेल. चार वाक्यं लिहायला मला चार तास लागले, खरं सांगतो. विमान कुणाचं ते नाही घातलं. बाळाजीनं पाहिलं नाही, मग आपण कशाला? आणि देशाचं नाव आलं की तिथला साहेब कागद खाली ठेवून देईल. नुसतं विमान. विमानाला कोण काय विचारणार?

हे स्वीकारतील का? मला सांगता येत नाही. खरं सांगू? कठीणच वाटतंय. साक्षीदार स्वतः नाही, बायको म्हणते तो गोंधळला होता — ते म्हणतील बाईला खोली पाहिजे म्हणून बोलते. पण दुसरं काय आहे आपल्या हातात? ही वही? वही पाठवता आली असती. बाळाजीची सही आहे, तारीख आहे, बेकरी शब्द आहे. पण — नाही ना पाठवता येत. पान फाडून पाठवलं तर फाटक्या पानाला कोण विचारतं, आणि पूर्ण वही पाठवायची तर तिच्यात माझं खासगी आहे. रोजचं. घरातलं. त्या पानावर खाली पण आहे, म्हणून तर कार्बन पेपर टाकून झाकलंय ते. आणि वही गेली की अक्षर कुणाचं, टाइप कुणी केलं, हे सगळं — पेन्शन, म्हटलं ना मी. हिची साखर. तुम्ही समजून घ्याल.

हे शाईचं पॅड. अंगठा इथं, खाली. डावा.

का? — लावा ना. सुकेल शाई, पंखा चालू आहे.

पेन? पेन कशाला? सही करणार? — अरे वा! कधी शिकलात? नीलिमानं शिकवलं? विहारातल्या वर्गात, बायकांच्या? छान, छान झालं हे, मला कुणी बोललंच नाही. करा सही, करा, अंगठ्यापेक्षा सही केव्हाही — काय? आधी वाचायचंय? पण ते इंग्रजी आहे, चांगुणाबाई. मी सांगितलं ना वाचून. ते नाही? मग काय — वही? वहीत तर वाचून दाखवलं मी सगळं. बरं बघा, घ्या. हे इथून. 'दुपारची.' हो. 'पीठ.' येतंय की तुम्हांला. बोट सावकाश, शाई ओली नाही पण कागद जुना आहे. 'सपात.' हं. — इथं संपलं. ही त्याची सही, हा तुमचा अंगठा. झालं.

कार्बन नका उचलू.

चांगुणाबाई, ते खालचं माझं आहे. खासगी. हात काळे होतील तुमचे.

'बा... ळा... जी...' हो. बाळाजी. मोठ्यानं नका वाचू, आत ही झोपलीय. 'बाळाजी बे-क-री म्ह-णा-ला.' बरोबर वाचताय. पुढचं — पुढचं द्या इकडं, मी वाचतो. नाही? बरं. वाचा. तुम्हीच वाचा. अडलात तर सांगतो.

अडलात? 'इन्स्टॉलेशन.' जोडाक्षर आहे, अवघड आहे. अख्खं वाक्य सांगतो थांबा, मला पाठ आहे ते. पत्र आल्यापासून पाठ आहे. 'बाळाजी बेकरी म्हणाला. बेकरी फारच साधं वाटतं, वाचणाऱ्याला वाटेल माणूस पाव भाजताना भाजून मेला. मिलिटरी इन्स्टॉलेशन घातलं. कागदाला वजन आलं. समाधान वाटलं. संध्याकाळी मिरवणुकीत गेलो.'

...

असं बघू नका ना. शिव्या द्या. रघूला देता तशा द्या. — मला वाटलं सखाला मान मिळेल त्यानं. खरंच वाटलं. बेकरीत मेला, त्यापेक्षा ठाण्यावर मेला, लढाईत मेला, असं मोठं काही — दिल्लीचा साहेब उठून बसेल. मी वाचून पण दाखवलं होतं त्या दिवशी बाळाजीला, इंग्रजीतून, भरभर, आणि तो म्हणाला, 'मस्त वाटतंय, जयदेवभाऊ.' त्याला काय कळलं? काही नाही. तुम्हांलाही नाही. मला पण नव्हतं कळलं, तुमची शपथ. इतकी वर्षं तशाच कागदांवर बसून कुणाचं काही बिघडलं नाही, निदान मला कधी दिसलं नाही बिघडलेलं — जिथं फुटतं तिथं मी कुठं असतो?

आणि आज परत बाळाजीवर ढकलत होतो. हो. तुमच्या अंगठ्यानं. ज्यानं त्या पिठातून काढला सखाला, त्याची मनःस्थिती ठीक नव्हती म्हणे.

चाललात? कार्बन तिथं टाका, काही होत नाही फरशीला. — वही? वही नेताय? चांगुणाबाई, त्यात माझं वर्षभराचं — अहो, रघूला नका दाखवू, चाळीत नका — थांबा. थांबा ना! मी हिसकावणार नाही. वही तुमच्याकडेच राहू द्या, फक्त ते पान उघडा एकदा. उघडा. चौदा एप्रिल. हे बघा, बाळाजीची सही आहे. तुमचा अंगठा आहे. आणि हे खालचं चार ओळींचं कुणी लिहिलंय, त्याचं नाव कुठाय? कुठंच नाही. नुसत्या ओळी. कुणीही म्हणेल तुम्हीच लिहून आणल्या, आता तर लिहिता येतं तुम्हांला.

माझं पेन तुमच्या हातात राहिलंय. द्या.

...

हं. जयदेव. पूर्ण नाव, आजची तारीख, कारखान्याचा बिल्ला नंबर — होऊ दे. आता ही वहीच जाऊ दे दिल्लीला. रजिस्टर करून पाठवा, साधं नको. नीलिमाला म्हणावं आधी दोन झेरॉक्स काढ, स्टेशनवर नको, अक्षर पुसट येतं तिथं. ते टाइप केलेलं पान इथंच राहू द्या, चुलीत घालीन. मानतील का? नाही सांगता येत, चांगुणाबाई. काहीच सांगता येत नाही मला. तुम्ही जा आता. दार ओढून घ्या. आणि कुणी बाहेर थांबलं असेल अर्ज घेऊन, तर सांगा — नाही म्हणावं आज. जा.